निळी पूड, पिवळी पूड

१ डिसेंबर, रविवार

कामावरची भट्टीची नोंदवही मी तेवीस वर्षं लिहितोय आणि तिच्यात एक खाडाखोड कुणी दाखवावी. घरच्या कामालाही तसलीच वही हवी, म्हणून ही नवी आणली. नियम दोनच. मोजलेलं वेगळं लिहायचं, वाटलेलं वेगळं लिहायचं. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

मोजलेलं: दादाच्या बोटाला लावायच्या चिमट्यावर ऑक्सिजन ८९. मशीन लावल्यावर ९२.

वाटलेलं: दादा फार दिवस काढणार नाही असं वहिनींना वाटतं. त्या तसं बोलत नाहीत, पण परवा त्यांनी दादाचे लोकरीचे कपडे धुऊन कपाटाच्या वरच्या खणात ठेवले, आणि थंडी तर आत्ता सुरू होतेय.

दादाने चिनीमातीच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टी सांभाळली. तिथली धूळ त्याच्या छातीत बसली ती बसलीच. आता दिवसरात्र ते ऑक्सिजनचं मशीन घरघरतं आणि त्याची नळी दादाच्या नाकात. नळी सात फूट तीन इंच. दादा म्हणतो, दाव्याला बांधलेल्या जनावरालाही यापेक्षा जास्त चरायला मिळतं.

मला भट्टीवर त्यानेच नेलं, मी सोळा वर्षांचा असताना. पुढचं सगळं मी माझं शिकलो.

४ डिसेंबर

पूड म्हणजे काय ते एकदा नीट लिहून ठेवतो. आमच्या कारखान्यात सिरियाची, म्हणजे सिरियम धातूच्या ऑक्साइडची, पूड बनते. गाड्यांच्या धुराच्या नळीत बसवतात, धूर साफ करायला. फिकट पिवळी, पिठीसाखरेसारखी मऊ. आतून मात्र ती जाळी आहे. सिरियमचे अणू जागच्या जागी उभे, त्यांच्यामध्ये ऑक्सिजन बसलेले. भट्टीत काही ऑक्सिजन उठून जातात, आणि गंमत अशी की जाळी मोडत नाही. रिकाम्या जागांसकट तशीच उभी राहते. तेव्हा पूड निळी-काळी दिसते. निवताना हवा मिळाली की जागा भरतात, पूड पुन्हा पिवळी. थोडं झिर्कोनियम मिसळलं की जाळी सैल होते आणि हे जाणं-येणं सोपं होतं. रिकामी जागा एका ठिकाणी राहतही नाही. शेजारचा ऑक्सिजन तिच्यात सरकला की ती शेजारी जाते. अशी ती पुडीभर हिंडते.

म्हणजे ही ऑक्सिजन साठवणारी पूड झाली. अंगणात भरायची, दादाच्या खोलीत रिकामी करायची. मशीन नको, घरघर नको, दावं नको. एवढी सरळ गोष्ट शिकलेल्यांना सुचली नाही, कारण शिकलेल्यांच्या घरात दादा नाही.

प्रयोगशाळेत नव्या बाई आल्यात. नावाआधी डॉक्टर, आणि वय माझ्या नोकरीपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त. घरचं काही न सांगता त्यांना सहज विचारलं, ही पूड ऑक्सिजन सोडते का. त्या म्हणाल्या, “मोकळा असा फारसा सोडत नाही, काका. ती देते. समोर घेणारा असावा लागतो.”

मी म्हटलं, घेणारा आहे. त्या हसल्या. गाडीचा धूर म्हणतोय असं त्यांना वाटलं असणार. मी दादाबद्दल बोलत होतो.

७ डिसेंबर

कारखान्यातून नापास मालाची सहा किलो पूड रीतसर चिठ्ठी करून आणली. भंगारातून घेतलेली विजेची भट्टी आहेच, तिची तार मी स्वतः गुंडाळली आहे. ती दादाच्या खोलीला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत मांडली. भट्टीत झाकणाचं मडकं, झाकणातून चिनीमातीची बारीक नळी, ती भिंतीतून पलीकडे दादाच्या उशाशी.

मोजलेलं: पूड २००.०० ग्रॅम. नऊशे अंशांवर दोन तास. नंतरचं वजन १९९.९४.

सहा शतांश. एवढ्यात मुंगीसुद्धा दम घेणार नाही. वहिनी दारातून म्हणाल्या, “भावजी, वीज जाळून तुम्ही खोली छान गरम केलीत हो.” मी आकडा वहीत उतरवला.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी अंघोळ करताना आठवलं. दादाच्या कारखान्यात काही भांड्यांना खास रंग चढवायचा असला की ती मडक्यात ठेवून भोवती कोळसा भरायचे. दादा म्हणायचा, कोळसा मालातलं काढून घेतो. आणि त्या भट्टीवाल्यांचा एक दंडक होता. माती तोला, रंग तोला, पण कोळसा तोलायचा नाही. कोळसा मुठीनं घ्यायचा. तोलणाऱ्याला नवशिका म्हणून हसायचे. पहिल्या दिवशी दादाने माझी मूठ आपल्या हातात धरून कोळशात खुपसली होती.

पुडीची वाटी मधे, भोवती दोन मुठी कोळसा, वर झाकण.

मोजलेलं: आधी २००.००, नंतर १९६.०२. गेले ३.९८ ग्रॅम.

पूड अशी निळी झाली होती की हात लावायचं धाडस होईना. अंगणात नेली तर वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला ती आतून लालसर उजळली आणि बघता बघता पिवळी पडली. दात न दाखवता कुणी हसावं तशी.

चार ग्रॅम म्हणजे साधारण तीन लिटर ऑक्सिजन. मशीन तेवढा काही मिनिटांत देतं हे मला कळतं. पण चिमट्याचा आकडा काय म्हणतो ते पाहू. संध्याकाळी मशीन चालू असताना दादा ९४.

१० डिसेंबर

९५. खोलीतला ऑक्सिजन फटीतून वाया जातो म्हणून दोन्ही खिडक्यांना कागदी पट्ट्या चिकटवल्या. तशीही थंड वाऱ्याने दादाला ढास लागते. स्वयंपाकघराच्या खिडकीलाही लावली. वहिनी म्हणाल्या, मग फोडणीचा खकाणा कुठे जाणार? म्हटलं, चार दिवस फोडणी बेतानं टाका.

शेगडीची आठवण मला झाली नाही असं नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये हे लहान मुलालाही माहीत असतं. पण शेगडीतला कोळसा जळतो, धुमसतो, वास येतो. माझा कोळसा मडक्यात बंद आहे आणि जळत नाही. ना धूर, ना वास, ना राख. हे मी दोनदा तपासलं.

११ डिसेंबर

खात्री करून घ्यावी म्हणून नळीच्या तोंडाशी विझत आलेली काडी धरली. शाळेच्या पुस्तकात आहे, ऑक्सिजनमध्ये निखारा फुलतो. आधी काही झालं नाही. मग काडी पेटती असतानाच नेली, तर नळीच्या तोंडावर एक निळी ज्योत उभी राहिली. करंगळीच्या नखाएवढी. आवाज नाही. काडी काढून घेतली तरी ती तिथेच, भिंतीतून बाहेर बघत असल्यासारखी. मग गेली.

दादा उशीवरून तिच्याकडे टक लावून बघत होता. म्हणाला, “भट्टीत कोळशावर अश्शीच नाचायची. ती दिसली की आम्ही तोंड फिरवून घ्यायचो, मास्तर.” मास्तर हे त्याने मला चिडवायला ठेवलेलं नाव. का फिरवायचात, विचारलं. तो आठवत राहिला आणि तसाच झोपी गेला.

ऑक्सिजन येतो आहे, एवढं सिद्ध झालं.

१४ डिसेंबर

मोजलेलं: पूड ४००, गेले ७.९७. दादा ९६, मशीन बंद करून! गालांवर गुलाबी रंग. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नाही.

वाटलेलं: वहिनींचं डोकं दुखतं. माझंही, कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. वहिनी म्हणतात, बहिणीकडे तासभर जाऊन आलं की उतरतं. बहिणीकडे गेल्यावर कुणाचं डोकं दुखलंय?

मांजर तीन दिवस झाले दादाच्या खोलीत येत नाही. आधी त्याच्या पायाशी पडलेली असायची. आता उंबऱ्याबाहेर बसते आणि खोलीच्या मधोमध कुठेतरी बघते, जिथे काही नाही.

१७ डिसेंबर

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घरातल्या बोळात पावलं वाजली. एका लयीत, एक जड, एक हलकं. आई डावा पाय ओढायची, तशी. आई जाऊन अकरा वर्षं झाली. मी बोळात जाऊन पाहिलं. भिंतीला कान लावला, पावलं चालूच. दोन्ही कानांत बोटं घातली, तरी चालूच. उलट जवळ आली.

मोजलेलं: पावलं मिनिटाला एकशे आठ.

दादाला सांगितलं नाही. पण तो आपणहून म्हणाला, “खुर्ची पुढे ओढ, तिला बसता येत नाहीये.” खुर्ची मी सकाळी खिडकीशी ठेवली होती. आता ती पलंगाजवळ होती. मी तर हलवली नाही. पुडीतल्या रिकाम्या जागेसारखी ती खोलीभर हिंडतेय असं वाटून गेलं.

१८ डिसेंबर

कामावर नोंदवहीत वजाबाकी चुकली. २१६.४० वजा २१२.१५ म्हणजे ४.३५ लिहिलं. बाईंनी पेन्सिलीनं हलकेच खूण केली होती. त्या म्हणाल्या, काका, तब्येत बरी आहे ना, ओठ फार लाल दिसतात. म्हटलं, ठणठणीत. तेवीस वर्षांतली पहिली खाडाखोड.

१९ डिसेंबर

वजन केलं. आईने दार लावायला सांगितलं. लावलं. ती म्हणाली अजून एक मूठ.

२० डिसेंबर

वरची नोंद मी केलेली नाही. अक्षर माझं आहे, शाई माझ्या पेनाची आहे. काल संध्याकाळी साडेसातनंतरचं मला काही आठवत नाही, पण भट्टी नीट बंद केलेली होती आणि पुडीचं वजन बरोबर होतं. कोळशाच्या टोपलीत मात्र बराच खड्डा दिसतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीची पट्टी कुणीतरी सोलून काढली आहे. वहिनींना विचारलं. म्हणाल्या, मीच काढली, फोडणी टाकायचीय मला, मेल्यावर बेतानं टाकेन. मी रागावलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पट्टी परत लावली नाही.

दादा ९७. हा आकडा मी दोन वेळा गोल केला आहे.

२३ डिसेंबर

वहिनी दादाला आणि मशीनला घेऊन काल बहिणीकडे गेल्या. मला न विचारता! रिक्षा दारात आल्यावर कळलं. मी तिकडे जाऊन मोजून आलो. मशीन बंद केलं तर दादा ८७. गाल पांढरे. पूड नसली की काय होतं ते वहिनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, “पण भावजी, हे काल रात्री मला नावाने हाक मारून पाणी मागत होते. तुमच्या घरात आठवडाभर मला आई म्हणत होते.”

दादा स्वतः मात्र म्हणाला, डोकं हलकं झालंय.

त्याच्या बोलण्याला मी काय आकडा लावू? चिमट्यावर ८७ आहे.

माझंही डोकं या दोन दिवसांत दुखलं नाही. भट्टी बंद होती म्हणून उकाडा नव्हता. पावलंही नाहीत. रिकामं घर शांतच असतं.

२६ डिसेंबर

दोघं परतले. वहिनींशी ठरलं ते असं: शनिवारी एकदा पुरा प्रयोग, सहाशे ग्रॅम. आकडा नव्वदच्या खाली आला तर भट्टी भंगारात जाईल. दादा हसून म्हणाला, “मास्तरला परीक्षेला बसू दे गं, आयुष्यात एकदा.” मला लागलं ते. पण त्याच्या तोंडून लागलेलं चालतं.

२८ डिसेंबर, शनिवार

६.०५. ६००.०० ग्रॅम. कोळसा सहा मुठी. मशीन बंद. दादा ९३.

६.५०. दादा ९६. मी त्याच्या खोलीत बसलोय. वहिनी स्वयंपाकघरात. मांजर बाहेरून दार खरवडतेय.

७.१५. ९७. आई आलीय. खुर्चीवर बसली. दादा तिच्याशी बोलतोय, मला ऐकू येत नाही, पण दोघं माझंच बोलतायत.

७.३० ९८. दादा बोलत नाही. छान गुलाबी. ९८

आई म्हणते उठू नको हात जड ९८ लिही

२ जानेवारी

दवाखान्याच्या बोळातल्या बाकावरून लिहितो.

मांजर ओरडायची थांबेना म्हणून वहिनी बघायला आल्या. दादाला त्यांनी चादरीसकट ओढत अंगणात नेलं, मग मला. त्यांचं वय छप्पन्न, वजन पंचेचाळीस किलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती म्हणून त्या उभ्या राहू शकल्या.

मला दुसऱ्या दिवशी शुद्ध आली. दादाला तिसऱ्या दिवशी, तीही पुरती नाही.

डॉक्टर अगदी तरुण. त्यांनी विचारलं, खोलीत शेगडी होती का. मी म्हटलं, नाही. उत्तर अचूक होतं. ते म्हणाले, रक्तात तर कोळशाचा विषारी वायू निघालाय, कार्बन मोनॉक्साइड, आणि तो आठवडेच्या आठवडे जात असावा. मी म्हटलं, शक्य नाही, चिमट्यावर ९८ होते. ते म्हणाले की चिमट्याला तो वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. दोन्हींनी रक्त लालच दिसतं. विष जितकं जास्त, तितका आकडा छान.

वहिनींनी पिशवीतून चिमटा काढून माझ्या मांडीवर ठेवला. “घ्या, तुमचा आकडा.”

५ जानेवारी

दुपारी घरी आलो. भट्टी एकट्याने ओढत अंगणात आणली. भर उन्हात, चारी बाजूंनी वारा. तीच सहाशे ग्रॅम पूड, तोच कोळसा, आधी भाजून कोरडा केलेला. कोळशाला हात लावण्यापूर्वी तराजू मांडला. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कोळसा पहिल्यांदा तोलला. दादा दवाखान्यात नसता, इथे असता, तर हसला असता.

मोजलेलं: पूड आधी ६००.००, नंतर ५८८.०४. गेले ११.९६.

कोळसा आधी ८०.००, नंतर ७१.०३. गेले ८.९७.

कोळसा जळला नव्हता. राख नव्हती. तरी नऊ ग्रॅम कमी. चारास तीन. ऑक्सिजनचा अणू सोळा, कोळशाचा बारा. एकास एक धरला की चारास तीनच येतात. हे कोष्टक मी विशीत पाठ केलं होतं आणि पाठ केल्याचा मला अभिमान होता.

पुडीने ऑक्सिजन सोडला नाही. दिला. घेणारा मडक्यात तिच्या शेजारीच बसला होता, मी त्याला मुठीमुठीने आणून बसवत होतो. दोघं मिळून एकवीस ग्रॅम, नळीतून, दादाच्या उशाशी.

आमची पूड गाडीच्या धुरातला नेमका हाच वायू मारायला बनते. तेवीस वर्षं बनवतोय.

पूड अंगणात पिवळी झाली. मी तिथून उठलो नाही.

६ जानेवारी

डॉक्टरांना सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी १९ तारखेची नोंद दोनदा वाचली. बाईंनाही सांगितलं. त्या रडल्या, म्हणाल्या, काका, मी विचारायला हवं होतं घेणारा कोण म्हणून. त्यांचा काय दोष? मी सांगितलं असतं तर ना. वहिनींना सांगायला गेलो तर म्हणाल्या, मला केव्हाच कळलंय, बसा, जेवून घ्या.

१२ जानेवारी, रविवार

दादा घरी आला. मशीन चालू, नळी नाकात. खिडक्यांच्या पट्ट्या मी खरवडून काढल्या, डिंकाचे डाग राहिलेत. मांजर आत आली, त्याच्या पायाशी पडली.

डॉक्टर म्हणाले होते की मेंदूतल्या काही जागा भरून येतील, काही नाही येणार, कुठल्या ते आत्ता सांगता येत नाही. दादा वहिनींना ओळखतो. मांजर ओळखतो. पावलं आता मला ऐकू येत नाहीत. दादालाच येत असावीत, कारण अधूनमधून तो बोळाकडे मान वळवतो आणि कुणाला तरी वाट द्यावी तसे पाय आखडून घेतो.

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो. त्याने माझे हात पाहिले, उलटेसुलटे करून. मग अदबीने विचारलं, “भट्टीवर असता का तुम्ही?”

मी हो म्हटलं.

“वाटलंच. हातावरून कळतं. मग एक सांगतो, ध्यानात ठेवा. बाकी सगळं तोला, कोळसा तोलायचा नाही. हा असा घ्यायचा.” त्याने माझी मूठ आपल्या हातात धरली, मांडीवरच्या गोधडीत खुपसली आणि बाहेर काढली. दोन पावलांचं अंतर चालल्यासारखा त्याला दम लागला. “आमच्या धाकट्याला मीच शिकवलं. येईल आता तो, भेटवतो तुम्हाला. मोजण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत वळल्या.

मी मूठ उघडली नाही. म्हटलं, थांबतो तो येईपर्यंत.

मोजलेलं: ८८.

वाटलेलं: